टेलिफोनच्या कुलपापासून एपीके फाईलपर्यंत : हॅकिंगची पार्श्वभूमी

सांगलीत सध्या कुठल्याही ग्रुपवर बघा, अधूनमधून मेसेज येतोच, "माझं व्हॉट्सअॅप हॅक झालंय, माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका". मार्केट यार्डातले अडते असोत नाहीतर विश्रामबागेतल्या रिटायर्ड बाई. जरा खोलात विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, लग्नपत्रिका म्हणून किंवा आरटीओचं चलन म्हणून एक एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाईल) आली, ती उघडली, फोनने परवानगी मागितली ती घाईघाईत देऊन टाकली, आणि तिथून पुढे येणारा प्रत्येक ओटीपी भलत्याच माणसाकडे जायला लागला. इथे मशीन फोडलेलंच नसतं, माणसाला फसवलेलं असतं. आणि याच गावात एखादा पोरगा काळ्या स्क्रीनवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कमांड टाईप करताना दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, हा पण हॅकर होतोय की काय. भामटा आणि हा पोरगा, दोघांवर एकच शिक्का. दोघांचं मूळ वेगळं आहे आणि ते माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

हॅकिंगची सुरुवात अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात झाली, १९५० च्या दशकाच्या शेवटी. तिथे विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता, टेबलावर रूळ, स्टेशनं, डोंगर वगैरे. पण क्लबातल्या एका गटाला डब्यांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा जीव टेबलाखालच्या वायरिंगमध्ये. टेलिफोन एक्सचेंजमधले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, वापरून त्यांनी अशी यंत्रणा बांधली होती की एकाच वेळी वेगवेगळ्या गाड्या वेगवेगळ्या लोकांना चालवता याव्यात. तेव्हा विद्यापीठातला मोठा कॉम्प्युटर म्हणजे आयबीएमचा, बंद खोलीत ठेवलेला, आपण कार्डं पंच करून ऑपरेटरच्या हातात द्यायची आणि उत्तर यायची वाट बघत बसायचं, हात लावायची सोय नाही. मग १९५८ मध्ये लिंकन लॅबोरेटरीकडून टीएक्स-० नावाचं मशीन आलं आणि त्याच्यासमोर थेट बसता यायला लागलं, तेही दिवसा नाही तर मध्यरात्री, म्हणून ही पोरं रात्ररात्र जागायची. १९६१ मध्ये पीडीपी-१ हा कॉम्प्युटर आला आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर स्पेसवॉर हा गेम लिहिला. तो विकला नाही, प्रोग्रामची टेप ड्रॉवरमध्ये असायची, ज्याला सुधारायचं त्याने सुधारायचं. कुणी त्यात खरे तारे घातले, कुणी गुरुत्वाकर्षण. चार ओळी कमी करून तेच काम करून दाखवलं की त्याला मान, हीच त्यांची श्रीमंती. पुढचा सगळा इतिहास या ड्रॉवरमधून निघालाय असं माझं मत आहे.

आता टेलिफोन, कारण कॉम्प्युटरच्या आधी खोलून बघण्यासारखं जगातलं सगळ्यात मोठं मशीन तेच होतं. आपल्याकडे ज्यांनी काळे गोल डायलचे फोन बघितलेत त्यांना आठवेल, बिल वाढू नये म्हणून घरातले मोठे लोक डायलच्या भोकात छोटंसं कुलूप घालायचे. गावभागातल्या वाड्यात काय नि खणभागात काय, फोन असलेल्या घरात कुलूप दिसायचंच. आणि घरातली पोरं काय करायची, रिसीव्हर उचलायचा आणि तो ठेवायच्या जागी जे बटण असतं ते टकटक दाबायचं. तीन हवा असेल तर तीन वेळा पटापट, मग जरा थांबायचं, पाच हवा असेल तर पाच वेळा, शून्याला दहा वेळा. फोन लागायचा! कारण डायल काय करतो, तर तेवढ्या वेळा लाईन तोडतो आणि जोडतो, बाकी काही नाही, आणि ते काम बटणानेही होतं. कुलूप डायलला होतं, लाईनला नव्हतं. हे ज्या पोरांना पहिल्यांदा सुचलं किंवा कुणाकडून कळलं त्यांना टेलिफोन कसा चालतो हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं समजलं.

अमेरिकेत याचंच मोठं रूप झालं. तिथल्या लांब पल्ल्याच्या लाईनवर २६०० हर्ट्झचा सूर म्हणजे "ही लाईन रिकामी आहे" असा एक्सचेंजचा एक्सचेंजला निरोप होता, आणि तो निरोप ज्या तारेवरून आपण बोलतो त्याच तारेवरून जायचा. म्हणजे बोलणाऱ्याने तो सूर काढला तर मशीनला वाटणार समोरच्या एक्सचेंजनेच सांगितलं. जो एन्ग्रेसिया नावाचा जन्मांध मुलगा होता, कान इतका तयार की लहानपणीच त्याला कळलं, शिट्टीने नेमका हा सूर काढला की चालू कॉल तुटतो. मग जॉन ड्रेपरला दुसऱ्यांकडून कळलं की कॅप्टन क्रंच या नाश्त्याच्या पाकिटात फुकट येणाऱ्या प्लॅस्टिकच्या शिट्टीचाही सूर तोच, म्हणून त्याचं नावच कॅप्टन क्रंच पडलं. बाकीचे सूर कोणते हे कंपनीच्या इंजिनियरांनी स्वतःच्या टेक्निकल जर्नलमध्ये छापलेलं होतं, कॉलेजच्या लायब्ररीत ते कुणालाही वाचता यायचं. त्यावरून सूर काढणाऱ्या डब्या बनल्या, ब्लू बॉक्स. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये एस्क्वायर मासिकात त्यावर मोठा लेख आला, तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाकने स्वतःचा ब्लू बॉक्स बनवला आणि स्टीव्ह जॉब्ससोबत मिळून विकलेही. अॅपल कंपनी त्यानंतरची. नंतर कंपन्यांनी निरोपाची वाट बोलण्याच्या वाटेपासून वेगळी केली आणि शिट्टीचा खेळ संपला. इथे एक कबूल करायला पाहिजे, फुकट कॉल ही चोरीच होती, ड्रेपरला त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. कुतूहल आणि चोरी पहिल्यांदा एकत्र आली ती इथे.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब भरायला लागला, सर्किटचे नकाशे एकमेकांना वाटायचे, वॉझ्नियाक त्यातलाच. पुढच्याच वर्षी बिल गेट्सने छंदवाल्यांना उघड पत्र लिहिलं की माझं सॉफ्टवेअर फुकट कॉपी करणं म्हणजे चोरी. तिथून रस्ते फुटले. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या जुन्या वातावरणात वाढलेला, त्याच्या लॅबमधल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या स्क्रीनवर मेसेज यावा अशी सोय त्याने करून ठेवली होती. झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा बदलता येईल असा मूळ प्रोग्राम कंपनीने दिलाच नाही, ज्याच्याकडे होता त्याने करार दाखवून नकार दिला. या एका अडकलेल्या कागदाचा राग स्टॉलमन विसरला नाही, १९८३ मध्ये त्याने जीएनयू जाहीर केलं, म्हणजे सगळ्यांना बघता-बदलता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचं काम, आणि १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सचं लिनक्स त्याला येऊन मिळालं. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉईडच्या मुळाशी हेच लिनक्स आहे.

आपल्या भागात कॉम्प्युटर आला तो क्लासच्या रूपाने, चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं, आणि त्याच्यासोबत व्हायरस. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी आपल्या मेडिकल सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी करणाऱ्यांना अद्दल घडावी म्हणून ब्रेन नावाचा व्हायरस लिहिला, फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी वाचतो त्या भागात, बसणारा. आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं टाकलं! लपायचा विचारच नव्हता. फ्लॉपी हातोहात फिरत जगभर गेली. क्लासमधले सर फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावायला सांगायचे ते याचसाठी, खाच बंद असली की ड्राईव्ह त्यावर काही लिहीत नाही, व्हायरससुद्धा नाही.

२ नोव्हेंबर १९८८ चा मॉरिस वर्म मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस, त्याने इंटरनेटवर एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारा प्रोग्राम सोडला. मशीनवर आधीच एक प्रत असेल तर नवीन प्रतीने थांबायचं असं ठरवलं, पण मग कुणीतरी खोटंच "आहे" सांगून त्याला अडवेल, म्हणून सातातल्या एका वेळी तरीही घुसायचं असं लिहिलं. तो सातवा हिस्सा फार झाला. प्रती एकावर एक चढत गेल्या, मशीनं गुदमरली, अंदाजे ६००० कॉम्प्युटर अडकले, आणि तेव्हा इंटरनेटवर सगळे मिळून ६० हजाराच्या आसपासच होते. अमेरिकेतल्या १९८६ च्या नव्या कायद्याखाली तो दोषी ठरला, तीन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली), ४०० तास समाजसेवा आणि दंड. पुढे तोच माणूस एमआयटीत प्रोफेसर झाला. तुरुंगात सडवला असता तर काय मिळालं असतं याचा विचार करा. अशी संकटं हाताळायला पहिली सर्ट टीम, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हल्ल्यांत धावून येणारं पथक, कार्नेगी मेलन विद्यापीठात उभी राहिली ती याच वर्मनंतर.

मग पैसा इंटरनेटवर आला आणि सगळं बदललं. ४ मे २००० ला आय लव्ह यू नावाची व्हायरसवाली मेल फिलिपिन्समधून निघून जगभर पसरली, पण तिथे असा कायदाच नव्हता म्हणून खटला उभा राहिला नाही. आपला आयटी अॅक्ट त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. आणि मग ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक, ९४ कोटी. एटीएममध्ये कार्ड घातलं की "खात्यात पैसे आहेत का" हा प्रश्न स्विच नावाच्या मधल्या कॉम्प्युटरमार्फत बँकेच्या मुख्य सिस्टीमला जातो. चोरांनी मधेच स्वतःची यंत्रणा बसवली, ती मुख्य सिस्टीमला न विचारताच प्रत्येक प्रश्नाला "हो, द्या" म्हणत राहिली. एका शनिवारी काही तासांत २८ देशांतून पैसे निघाले, काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. कसबातलं साम्य बघा, मशीनला भलत्याच तोंडून निरोप द्यायचा हेच शिट्टीनेही केलं होतं. फरक हेतूचा आणि त्यामागे उभ्या असलेल्या टोळीचा.

हा हेतूचा फरक आपल्या कायद्यातही आहे आणि पालकांनी आणि पोरांनी दोघांनीही तो वाचावा. आयटी अॅक्टचं कलम ४३ सांगतं की मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, मग "फक्त बघत होतो" म्हणून चालत नाही. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे स्वतःचा जुना लॅपटॉप, स्वतःचा राऊटर, स्वतः बनवलेली वेबसाईट, यांची वाट्टेल तेवढी चिरफाड करा. वालचंद कॉलेजात पोरांनीच चालवलेला लिनक्स युजर्स ग्रुप आहे, अशा ठिकाणी हे सगळं उघड्यावर, सोबतीने शिकता येतं, आणि एमआयटीच्या त्या ड्रॉवरची गोष्ट तिथे जिवंत आहे असं मला वाटतं.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. आणि एखाद्या पोराला खरंच कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं तर ते मित्रांना दाखवत फिरायचं नाही, सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून काम करतेय, तिच्याकडे कळवायचं. काय केल्यावर काय झालं ते पायरीपायरीने लिहायचं, स्क्रीनशॉट जोडायचे, दुसऱ्याच्या डेटाला हात लावायचा नाही, आणि कंपनी दुरुस्ती करेपर्यंत गप्प बसायचं. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींना जगभर जो सीव्हीई नंबर देतात तो देण्याचा अधिकार २०२१ पासून सर्ट-इनकडेही आहे.