पायोनियरची ओढ : नियम चुकला होता का हिशोब?

"पायोनियर यानानं गुरुत्वाकर्षणाचा नियम खोटा पाडला" असे व्हिडिओ अजूनही फिरून राहिले, म्हणून ही पार्श्वभूमी. आमच्याकडं कापसाची वेचणी आटोपली की शाळेच्या पटांगणात दुर्बीण लागते, तिथं रोहिणीचा लाल तारा दाखवला अन् पायोनियर १० त्याच दिशेनं चाललंय असं सांगितलं, की पोट्टे लगेच हेच विचारतात.

जुना इतिहास थोडक्यात. युरेनसची चाल हिशोबात बसेना तेव्हा १८४६ मध्ये नेपच्यून सापडला अन् न्यूटनचा नियम वाचला. बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक उरत होता, तिथंही आधी लपलेला ग्रहच शोधला, तो काही सापडला नाही, शेवटी १९१५ मध्ये आइनस्टाइनला नियमच बदलावा लागला. म्हणजे दोन्ही बाजूंना दाखला होता, अन् पुढचं सगळं भांडण तिथूनच आलं.

नासाचं पायोनियर १० हे यान १९७२ च्या मार्चमध्ये सुटलं, पायोनियर ११ हे १९७३ च्या एप्रिलमध्ये. दोन्ही यानं स्वतःभोवती फिरत स्थिर राहणारी, त्यामुळे दिशा धरून ठेवायला सारखे सारखे जेट मारावे लागत नव्हते. व्हॉयेजर यानांना ते मारावे लागतात, मग इतका बारीक धक्का त्या गोंधळात शोधणार कसा? १९८० च्या आसपास पायोनियर १० सूर्यापासून इतकं लांब गेलं की उन्हाचा दाब नगण्य झाला, अन् मग दिसलं की यान हिशोबापेक्षा जरा जास्तच मंदावतंय, कोणीतरी सूर्याकडं ओढल्यासारखं. किती? सेकंदाला ०.०००००००००८७४ मीटर प्रति सेकंद. यानाचा वेग मोजतात त्याच्या रेडिओ सिग्नलच्या कंपनसंख्येवरून. तो सिग्नल दोनशे कोटी हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) वरचा, त्यात आठ वर्षांत दीडेक हर्ट्झचा फरक. पण एवढ्यानंसुद्धा एका वर्षात यान ४०० किलोमीटर मागं पडतं.

१९९८ मध्ये हे छापून आलं अन् नव्या सिद्धांतवाल्यांना कुरणच मोकळं झालं. प्रकाशाचा वेग अन् विश्व पसरण्याचा दर यांचा गुणाकार केला तर आकडा जवळपास तेवढाच येतो, हे तर लोकांनी फारच मनावर घेतलं. आकाशगंगांचं फिरणं समजवायला १९८३ मध्ये मांडलेला सुधारित गतिनियमही मधात ओढला गेला, पण तो नियम लागू होतो अगदी क्षीण ओढीला, अन् पायोनियर होतं तिथं सूर्याची ओढ त्या हद्दीच्या हजारो पट होती. शिवाय तीच जास्तीची ओढ युरेनस-नेपच्यूनवर काऊन दिसत नव्हती? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता, तो सोयीनं मागं पडला असं माझं मत.

खरा वाद "स्थिर" या निष्कर्षावरचा. पहिल्या सविस्तर विश्लेषणात पायोनियर १० चा फक्त १९८७ ते १९९८ चा डेटा होता, ११ चा तर १९९० पर्यंतचाच, अन् त्यावरून ठरलं की ही ओढ काळानुसार बदलत नाही. हे एकदा ठरलं की यानातून निघणाऱ्या उष्णतेचाच हा धक्का असेल हा संशय आपोआप बाद, कारण यानावरच्या अणुबॅटऱ्यांतल्या प्लुटोनियमचं अर्धायुष्य ८७.७ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं होतं, उष्णता तर घटतच जाणार. तशी उष्णता हिशोबात धरली होती, पण अगदी थोडी. काही जणांनी लगेच हरकत घेतली होती. या यानाची अँटेना कायम पृथ्वीकडं, म्हणजे इतक्या लांबून सूर्याकडंच, अन् यंत्रांचा डबा तिच्या मागं. डब्याची उष्णता मागच्या बाजूनं बाहेर जाते, बाजूच्या दांड्यांवरच्या अणुबॅटऱ्यांची थोडी अँटेनाच्या पाठीवर आपटून मागंच परतते, अन् मागं उष्णता फेकली की यान पुढं, सूर्याकडं ढकललं जातं. सारी ओढ समजवायला ६३ वॉट एका दिशेनं जाणं पुरेसं होतं, गोठ्यात लावतो त्या जुन्या पिवळ्या बल्बएवढं. सुटताना बॅटऱ्यांची एकूण उष्णता अडीच हजार वॉटच्या आसपास होती. तरीही "बदलत नाही" या एका शब्दावर दहा-बारा वर्षं सिद्धांतांचे ढीग लागले. अकरा वर्षांचा डेटा पाहून असं ठरवणं घाईचं होतं, अन् त्याची जबाबदारी डेटावर ढकलता येत नाही.

सुटका झाली ती कंटाळवाण्या कामानं. जुन्या चुंबकीय टेप्स, त्यातल्या काही म्हणे जिन्याखाली पडलेल्या, शोधून वाचून काढल्या, यानाच्या तापमानाच्या नोंदी एका निवृत्त इंजिनिअरनं जपल्या होत्या त्या कामी आल्या. तोवर पायोनियर १० चा शेवटचा सिग्नलही जानेवारी २००३ मध्येच येऊन गेला होता, नवीन मोजमाप शक्यच नव्हतं. २०११ मध्ये लांब डेटावरून दिसलं की ओढ घटतेय, अन् २०१२ मध्ये यानाचं उष्णतेचं पूर्ण मॉडेल करून दाखवलं की उरलेलं सगळं उष्णतेचंच आहे. यासाठी वेगळं यान सोडायचे प्रस्ताव मधल्या काळात आले होते, मंजूर झाले नाहीत.

दरम्यान शनीकडं निघालेल्या कॅसिनी यानानं २००२ मध्ये सूर्याच्या मागून सिग्नल पाठवून आइनस्टाइनचा नियम लाखात दोन-तीन भागांइतक्या अचूकतेपर्यंत बरोबर दाखवला, अन् पुढं त्याच यानाच्या शनीच्या अंतराच्या मोजमापांनी सुधारित गतिनियमावर पायोनियरपेक्षा जास्त कडक बंधनं घातली. पृथ्वीजवळून जाताना यानांचा वेग किंचित वाढल्याचा दुसरा घोळ मात्र आहेच. १९९० मध्ये गॅलिलिओ यानाला जवळपास ४ मिलिमीटर प्रति सेकंद जास्त मिळाले, १९९८ मध्ये नीअर यानाला १३, अन् २०१३ मध्ये जूनो गेलं तेव्हा काहीच नाही. त्यावरही सिद्धांत आलेच आहेत.