शाम्पूत्याग

शाम्पूत्याग म्हणजे केसांना शाम्पू लावणे कायमचे थांबवून डोक्याची स्वच्छता पाणी, बोटे, कंगवा आणि टाळूत तयार होणारे तेल यांच्यावर सोपवण्याची पद्धत. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तिला ‘नो-पू’ म्हणतात. मराठीत रूढ नाव नाही. नागपुरात ‘मी शाम्पू सोडला’ एवढेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे व्यसन, सोडल्यासारखे वाटते.

या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. कडक पद्धतीत डोक्याला पाण्याशिवाय काहीही लागत नाही. सैल पद्धतीत शाम्पूऐवजी शिकेकाई, रिठा, बेसन, मुलतानी माती, ताक किंवा खायचा सोडा चालतो. ‘केस आपले आपणच स्वच्छ होतात’ हा दावा पहिल्या पद्धतीचा आहे. दुसरीत फक्त साबण बदललेला असतो. चर्चेत मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि पहिलीच्या समर्थनार्थ दुसरीचे दाखले दिले जातात.

शब्द आणि वस्तू

‘शाम्पू’ हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. हिंदीतल्या ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे या क्रियापदावरून तो इंग्रजीत गेला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाचे आणि मालिशचे घर चालवले. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांसाठीही त्यांची नेमणूक झाली. त्या काळी ‘शाम्पू करणे’ म्हणजे अंग रगडून घेणे. फेसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. केस धुणे हा अर्थ त्याच शतकाच्या उत्तरार्धात चिकटला. हान्स श्वार्त्सकोफ यांनी १९०३ मध्ये बर्लिनमध्ये शाम्पूची पूड विकायला काढली. साबणाऐवजी कृत्रिम अपमार्जकांवर (डिटर्जंटवर) आधारलेले शाम्पू १९३० च्या दशकात अमेरिकेत आले. नागपुरातल्या सीताबर्डीच्या सलूनमधली चंपी मूळ अर्थाला अजून धरून आहे, हे गमतीचे.

भारतात शाम्पू घरोघरी पोहोचला तो पुडीमुळे. तामिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ हा पुडीतला शाम्पू बाजारात आणला आणि बाटली न परवडणाऱ्या घरांतही फेस पोहोचला. त्याआधी सर्वसाधारण घरांत डोक्याला अंगाचा साबण किंवा शिकेकाई लागे.

शाम्पू सोडणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद इथूनच निघतो: आजीने जन्मात शाम्पू वापरला नाही, तरी तिची वेणी कमरेपर्यंत. वेणी खरी असेल. पण आजी नुसत्या पाण्याने न्हात नव्हती. न्हाण्याच्या दिवशी आधी तेल जिरवले जाई, मग उकळून गाळलेल्या शिकेकाईचे पाणी, आणि ते डोळ्यांत गेल्याची आरडाओरड. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिने असतात. तेल आणि पाणी यांना एकत्र आणणे हे त्यांचे काम, म्हणजे जे काम अपमार्जक करतो तेच. रिठ्याच्या पाण्याने सराफ दागिने उजळत आले आहेत. त्याला ‘काहीच न लावणे’ म्हणता येत नाही.

केस आपोआप स्वच्छ होतात का

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणे असतात. निर्जीव धागा स्वतःला धुऊ शकत नाही. जिवंत असते ती टाळू. प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते आणि तिच्यातून त्वग्वसा, म्हणजे टाळूचे तेल, पाझरते. त्वग्वसेत ट्रायग्लिसराइडे, मेणासारखी एस्टरे, स्क्वालीन आणि मोकळी मेदाम्ले असतात. ती केसाला वंगण देते, पाणी धरून ठेवते आणि टाळूचे आम्लपण राखायला मदत करते. टाळूचा सामू (pH) ५.५ च्या आसपास असतो.

शाम्पू हे तेल काढतो, कधी गरजेपेक्षा जास्त. मग केस भुरभुरीत होतात आणि ते सावरायला कंडिशनर लागतो. इथपर्यंत शाम्पूत्यागींचे म्हणणे बरोबर आहे. पुढचा दावा असा की रोज तेल काढल्यामुळे ग्रंथी चिडून जास्त तेल सोडतात आणि शाम्पू बंद केला की काही आठवड्यांत त्या शांत होतात. याला भक्कम आधार नाही. तैलग्रंथींचा लगाम मुख्यतः अँड्रोजन संप्रेरकांच्या हातात असतो. म्हणूनच वयात येताना डोके तेलकट होते आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी गेल्यावर कोरडे पडू लागते. वर किती तेल उरले आहे, हे ग्रंथीला कळवणारी यंत्रणा सापडलेली नाही.

तरीही शाम्पू सोडलेल्या काही जणांचे केस महिना-दीड महिन्यात बरे दिसू लागतात, आणि तो निव्वळ भास नसतो. सिडनीतले रेडिओ निवेदक रिचर्ड ग्लोव्हर यांनी २००७ मध्ये श्रोत्यांना सहा आठवडे शाम्पू सोडायला सांगितले. पाचशेहून अधिक जणांनी भाग घेतला आणि त्यांतल्या ८६ टक्के लोकांनी केस पूर्वीइतकेच किंवा पूर्वीपेक्षा चांगले असल्याचे कळवले. हा शास्त्रीय प्रयोग नव्हता. स्वतःहून पुढे आलेल्यांनी स्वतःच्याच डोक्याला दिलेले ते गुण होते. पण त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मुळाशी साचणारे तेल विंचरण्याने टोकांपर्यंत जाते. कोमट पाण्यात बोटांनी चोळल्यावर पातळ झालेल्या तेलाचा काही भाग निघतो, आणि घाम व मीठ तर साध्या पाण्यातही विरघळते. अपमार्जकामुळे होणारी झीज थांबल्याने केस कमी तुटतात. आणि आपल्या डोक्याचा वास आपल्या नाकाला सवयीचा होतो, हेही यात धरावे.

स्वच्छतेचे श्रेय द्यायचेच तर ते कंगव्याला द्यावे लागते. बारीक दात्यांची लाकडी फणी मुळापासून टोकापर्यंत रोज फिरवणे हा या पद्धतीचा गाभा आहे. सरळ केसांवरून तेल सहज घसरते. कुरळ्या केसांत ते वळणावर अडते, म्हणून मुळे तेलकट आणि टोके कोरडी राहतात. विंचरणेच सोडले तर गुंता होऊन केसांची जट तयार होते. महाराष्ट्रात अशी जट देवीची मानून ती कापायला लोक घाबरतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते समजूत घालून ती कापून देतात. जटेमागे देवी नसते, न विंचरलेले केस असतात.

खायच्या सोड्याचा प्रयोग टाळलेला बरा. त्याचा सामू ८ च्या वर असतो, त्यामुळे खवले उघडतात आणि केस खरखरीत होतात. मग ते मिटवायला व्हिनेगर ओतायचे, अशी ती जोडगोळी आहे.

नागपूरची हवा आणि पाणी

नागपुरात या पद्धतीची गाठ उन्हाळ्याशी पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नेहमीचे. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. नवतपा, म्हणजे २५ मेच्या सुमाराचे नऊ दिवस, हा शाम्पूत्यागाचा खरा कस. घाम कोरड्या हवेत लगेच उडतो आणि मीठ मागे राहते. तेलकट केसाला धूळ चिकटते, आणि सिमेंट रस्त्यांच्या कामांनी शहरात धुळीला तोटा नाही. दुचाकीवर डोके-तोंड दुपट्ट्याने गुंडाळून जाणाऱ्या मुली उन्हापासून वाचतात, धुळीपासूनही बऱ्याच वाचतात, पण आत डोके भिजते. हेल्मेटचेही तेच. या दिवसांत नुसत्या पाण्याने का होईना, रोज डोक्यावरून आंघोळ लागते, आणि मग पाण्याचा प्रश्न येतो.

नागपूरला नळाचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून मिळते. ज्यांची भिस्त बोअरवर आहे त्यांचे पाणी बहुधा जड, म्हणजे दुष्फेन असते. डाळ शिजायला वेळ लागतो आणि बादलीला पांढरा थर बसतो, तीच ही खूण. अशा पाण्यातले कॅल्शियम त्वग्वसेतल्या मेदाम्लांशी जुळून मेणचट थर बनवते. केस धुतल्यावरही चिकट, जणू मेणबत्ती फिरवल्यासारखे लागतात. पुष्कळांचा शाम्पूत्याग इथेच संपू शकतो, आणि दोष मात्र टाळूला मिळतो. शेवटच्या तांब्यात लिंबाचे थोडे पाणी मिसळले तर आम्लामुळे हा थर सुटतो. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे डोक्यापुरते नळाचे पाणी वेगळे भरून ठेवणे.

पावसाळ्यात अडचण वेगळी. केस वाळत नाहीत, ओल्या मुळांना कुबट वास येतो. नागपुरात शाम्पू सोडून बघायचाच असेल तर दिवाळीनंतर सोडावा. हवा कोरडी आणि थंड, घाम जवळजवळ नाही, आणि टाळूचे तेल त्या दिवसांत नकोसे नव्हे, हवेसे वाटते.

याच दिवसांत बाजारात अंबिया बहाराची संत्री येतात. नागपुरी संत्र्याची साल सैल, हाताने सहज निघणारी. ती सावलीत वाळवून, कुटून, शिकेकाई, नागरमोथा, आवळकाठी यांच्या चूर्णात मिसळण्याची पद्धत घरोघरी आढळते. सालीतल्या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. तो तेलकटपणा विरघळवतो. मात्र जुन्या, हवा लागलेल्या सालीतले लिमोनीन ऑक्सिडीकरण होऊन त्वचेला खाज आणू शकते, तेव्हा मागच्या वर्षीची बरणी उघडू नये. ही अर्थातच सैल पद्धत. कडक पद्धतीचा माणूस संत्री खातो आणि साल टाकून देतो.

कोणी करू नये

टाळूवर मॅलासेझिया नावाची यीस्ट सर्वांच्याच असते आणि त्वग्वसा हे तिचे अन्न. ज्यांना कोंडा किंवा तेलकट त्वचादाह होतो, त्यांच्या बाबतीत तेल साचू देणे म्हणजे तिला वाढून देणे. त्यांना केटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिऑनसारखे औषधी शाम्पू लागतात. ते सोडून कोंडा ‘आतून बरा होण्याची’ वाट पाहणे चुकीचे. उवांचा शाम्पूशी संबंध नाही. त्या धुतलेल्या डोक्यातही तितक्याच आनंदाने राहतात आणि फणीने किंवा औषधाने निघतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. धुण्याचे अंतर वाढले की हे केस एकदम हातात येतात आणि माणूस घाबरतो.

लोक काय म्हणतात

सुरुवातीचे दोन ते सहा आठवडे सर्वांत अवघड, असे ही पद्धत पाळणारे सांगतात. ते केसांमुळे असतात तितकेच शेजारपाजारामुळे. ‘डोकं काऊन नाही धुतलं वो?’ या प्रश्नाला तैलग्रंथींचे उत्तर पुरत नाही. आपल्याकडे डोक्यावरून पाणी घेण्याला शुद्धीचा अर्थ आहे: अंबाझरीच्या स्मशानघाटावरून परतल्यावर, सुतक फिटल्यावर, सणाच्या पहाटे. या सगळ्याला नुसते पाणी चालते, शाम्पूची अट कोणत्याही पोथीत नाही. नरकचतुर्दशीला तेल आणि उटणे आहेच. खरी पंचाईत धुळवडीला होते. तेलाने माखलेल्या केसांत रासायनिक रंग खोल जात नाही हे खरे, पण चंदेरी वार्निश पाण्याने निघत नाही, आणि त्या दुपारी शिकेकाईचा डबा उघडावाच लागतो.

तेल जाते कुठे, हाही एक प्रश्न आहे. बरेचसे कंगव्यावर आणि उशीवर जाते. शाम्पू सोडलेल्या घरात फणी, दुपट्टे आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात साबण घालून धुवावे लागतात.