ब्लॉक ५० टक्के, पण कशाच्या?

हृदयाच्या धमन्यांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ब्लॉकच्या टक्क्यांवर जाते. रुग्णाला टाइप २ मधुमेह असेल तर हाच आकडा फसवू शकतो.

टक्के काढताना अरुंद जागेची तुलना लगतच्या 'चांगल्या' भागाशी करतात. ३ मिलिमीटर व्यासाची धमनी एका ठिकाणी १.५ मिलिमीटर उरली, तर ब्लॉक ५० टक्के. पण मधुमेहात धमनीत साचणारा चरबीचा थर बहुधा एका जागी न थांबता धमनीभर पसरतो. लगतचा भागही २ मिलिमीटरवर आला असेल, तर तोच ब्लॉक २५ टक्के भरतो. आजार वाढला आणि आकडा घटला! म्हणून रिपोर्टात 'डिफ्यूज' (धमनीभर पसरलेला) आणि 'ट्रिपल व्हेसल' (तिन्ही मुख्य धमन्यांतला) हे शब्द आधी शोधावेत.

असं होण्यामागे एकटी साखर नसते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की धमनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं आणि धमनी नीट सैलावत नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, एलडीएल या वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात. त्यामुळे एलडीएल 'नॉर्मल' असूनही कणांची संख्या जास्त असू शकते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही लवकर चिकटतात. थर फुटला की गुठळी धरायला वेळ लागत नाही.

स्टेंट, म्हणजे धमनीत बसवलेली जाळी, फक्त तेवढीच जागा उघडी ठेवतो. बायपासची नळी मात्र ब्लॉकच्या पुढे जोडतात, त्यामुळे वरच्या भागात उद्या नवा ब्लॉक झाला तरी रक्त पोहोचतं. २०१२च्या 'फ्रीडम' चाचणीत एकाहून अधिक धमन्यांत ब्लॉक असलेले १,९०० मधुमेही होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के रुग्णांना झालं. (पक्षाघात तेवढा बायपासनंतर जास्त.) अर्थात नळी जोडायला पुढची धमनी पुरेशी जाड हवी. टोकापर्यंत बारीक झालेल्या धमनीवर टाका घालायला जागाच उरत नाही.

आजार तिथवर पोहोचतो, कारण मधुमेहात नसा बधिर होऊन छातीतली कळ जाणवतच नाही असं घडतं. चार पायऱ्यांत लागणारा दम, अवेळी घाम, नवा थकवा यांना 'ॲसिडिटी' म्हणून सोडू नये, ईसीजी काढावा.

आणि शुगर आटोक्यात आली म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) बंद करणं हा नेहमीचा घोळ. नुसती साखर उतरवून भागत नाही. 'अकॉर्ड' चाचणीत एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६च्या खाली नेण्याचा आटापिटा केलेल्या गटात मृत्यू वाढले आणि २००८मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. धमनीचा आजार असलेल्या मधुमेहींसाठी एलडीएलचं लक्ष्य ५५ मिलिग्रॅमच्या खाली आहे, साखर कितीही छान असली तरी.