अंतर कळलं, पण मारणार कधी?

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' म्हटलं की लोकांना जॉगिंग ट्रॅक आठवतो, फार तर रणजीची मॅच. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे नाव कागदोपत्री, बोलताना सगळे गोल्फ क्लबच म्हणतात, आणि गोल्फची स्टिक मी तरी तिथे आजवर कुणाच्या हातात बघितली नाही. तर त्याच ट्रॅकवर सकाळी आमच्या कॉलनीतले एक काका भेटले आणि म्हणाले, "काय रे, रात्री टीव्हीवर गोल्फ लागलं होतं, तो माणूस दुर्बीण लावून काय बघत होता? आणि बघून झालं तरी मारेचना!"

काकांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण प्रश्न मात्र बरोबर वर्मावर लागला.

ती दुर्बीण म्हणजे लेझर रेंजफाइंडर. हायवेवर पोलीस जी लेझर स्पीडगन घेऊन उभे असतात तिचीच ही चुलत बहीण. बटण दाबलं की डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे बारीक बारीक ठोके निघतात, बॉल ज्या खड्ड्यात घालायचा त्यात रोवलेल्या झेंड्यावर आपटून परत येतात, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. ऐकायला सोपं आहे, पण प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर पळतो, म्हणजे १५० यार्डावर, अर्थात साधारण १३७ मीटरवर झेंडा असेल तर जाऊन-येऊन सगळा कारभार सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आतच आटोपतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम एक फूट जातो, तेव्हा एका यार्डापर्यंत अचूक सांगायचं तर आतल्या घड्याळाला ६ नॅनोसेकंदांचा फरक ओळखता यायला हवा.

त्यात आपला हात थरथरतो. एका अंशाने जरी हलला तरी तिकडे नेम आठेक फूट बाजूला जातो, आणि झेंड्याची काठी केवढीशी, मागे सगळी झाडी! म्हणून यंत्र एका ठोक्यावर विसंबत नाही, भराभर बरेच सोडतं, परत आलेल्यांमधले जवळचे कुठले आणि लांबचे कुठले ते वेगळे करतं आणि जवळचं अंतर धरतं, कारण झेंडा झाडांच्या अलीकडे असतो. बऱ्याच ठिकाणी काठीला छोटे रिफ्लेक्टर पण लावलेले असतात. झेंडा सापडला की काही यंत्रं हातात थरथरून तसं कळवतात.

आता नियमांचं. अशी यंत्रं वापरू द्यायची की नाही हे २००६ पासून स्पर्धेच्या आयोजकांवर सोडलं होतं, २०१९ पासून मूळ नियमातच परवानगी आली, पण फक्त अंतरासाठी. चढ-उतार मोजणारी सोय यंत्रात असली तरी ती बंद ठेवायची, आणि वाऱ्याचा वेग यंत्राने मोजायचा नाही. २०२१ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप या गोल्फमधल्या बड्या स्पर्धेने रेंजफाइंडर वापरू दिले (५० वर्षांचा फिल मिकेल्सन जिंकला तीच ती), आणि २०२५ मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेनेही काही स्पर्धांत ट्रायल घेतली. हेतू एकच, खेळ जरा पटापट व्हावा.

पण गंमत अशी आहे की या प्रो खेळाडूंना अंतर माहीत नसतं म्हणून ते थांबतात असं नाहीच मुळी! कॅडीच्या, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाच्या, खिशात यार्डेज बुक असतं, त्यात कोर्सची, म्हणजे मैदानाची, इंच न् इंच माहिती असते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्स कोर्सवर शेवटच्या होलला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, जे. बी. होम्स नावाचा प्रो एका फटक्यासाठी ४ मिनिटं १० सेकंद उभा राहिला आणि जगभरातून शिव्या खाल्ल्या. तेवढ्या वेळात सूर्याकडून निघालेला प्रकाश पृथ्वीकडे यायचा निम्मा रस्ता संपवतो. होम्स थांबला होता तो वाऱ्यासाठी.

आणि वारा खरंच अवघड प्रकरण आहे, इथे मी खेळाडूंच्या थोडा बाजूने आहे. प्रोने मारलेला बॉल सहा-सात सेकंद हवेत असतो आणि शंभरेक फूट उंच जातो. जमिनीलगतचा वारा गवत-झाडांना घासून मंदावतो, वर तो जोरात असतो, त्यामुळे चिमूटभर गवत उडवून जे कळतं ते खालचंच. हवा विरळ असेल तर बॉल जास्त जातो ते वेगळंच. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईत १५० यार्ड जाणारा फटका इथे ढोबळमानाने तीनेक यार्ड पुढे पडेल, लेझर मात्र दोन्हीकडे १५०च सांगणार. तरी नियमपुस्तक सुचवतं की एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नये. २०१३ च्या मास्टर्स या बड्या स्पर्धेत ग्वान तियानलांग नावाच्या १४ वर्षांच्या पोराला हळू खेळला म्हणून एका फटक्याचा दंड झाला होता, मोठमोठे सुटतात आणि सापडलं कोण तर शाळकरी पोरगं.

यंत्राचा खरा उपयोग होतो तो बॉल भलतीकडे झाडीत गेला की. तिथून पावलं मोजत बसण्यापेक्षा बटण दाबलेलं केव्हाही बरं. पण वाचलेला वेळ हातात राहतो का? इथे नाशिकचा कायम तुंबलेला द्वारका चौक आठवा. मुंबई नाक्यापासून तुम्ही गाडी कितीही पळवा, द्वारकेला जाऊन उभेच राहणार, लवकर पोचलात तर जास्त वेळ उभे राहणार. गोल्फमधली द्वारका म्हणजे पार-३ चं होल, तीन फटक्यांत संपवायचं, छोटं. चार फटक्यांच्या लांब पार-४ वर एक ग्रुप ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर) असताना मागच्याला टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारता येतं, पार-३ वर पुढचे होल संपवून बाहेर पडेपर्यंत मागचे नुसते बसून. समजा दर १० मिनिटांनी एक ग्रुप सुटतोय आणि पार-३ ला प्रत्येक ग्रुप १२ मिनिटं खातोय, तर दुसऱ्याला २ मिनिटं थांबावं लागतं, तिसऱ्याला ४, आणि तेराव्याला २४. आणि त्या टीवरून झेंड्याचं अंतर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणजे जिथे खरी गर्दी तुंबते तिथे लेझर काही वाचवतच नाही.

यावर उपाय म्हणजे माणसं कमी सोडायची नाहीतर घड्याळ लावायचं. पीजीए टूरने २०२६ पासून १५६ खेळाडूंच्या स्पर्धा १४४ वर आणायचं ठरवलं, मला विचाराल तर कुठल्याही रेंजफाइंडरपेक्षा हे जास्त कामाचं. घड्याळाचा प्रयोग युरोपियन टूरने २०१८ मध्ये ऑस्ट्रियात केला, ४० सेकंद, ग्रुपमध्ये आधी मारणाऱ्याला १० जास्त, आणि वेळ चुकली की लगेच एक फटका दंड. टायगर वुड्स आणि रोरी मॅक्लरॉयच्या टीजीएल लीगमध्येही ४० सेकंदांचं घड्याळ आहे. पण तिथे सगळं छताखाली, समोर भलामोठा स्क्रीन, त्यामुळे वारा पडायची वाट बघतोय असं सांगायची सोयच नाही.