पटकीच्या जंतूंचा घातकपणा आणि औषधाला न जुमानणं

पटकी म्हणजे कॉलरा, तो होतो व्हिब्रिओ कॉलरी या पाण्यात राहणाऱ्या जंतूमुळे. याचे २०० च्या वर सिरोग्रुप (जंतूच्या बाहेरच्या आवरणावरून पाडलेले प्रकार) आहेत, पण मोठ्या साथी आणणारे दोनच, ओ१ आणि ओ१३९, बाकीचे नाल्यातळ्यात राहतात अन् बहुधा साधी हगवण लावतात. विदर्भात पहिला-दुसरा पाऊस पडला की ही काळजी सुरू होते, मेळघाटात जास्तच, कारण तिथं कित्येक पाड्यांवर उघड्या विहिरीचंच पाणी पितात. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी अन् कोयलारीला विहिरीच्या दूषित पाण्यानं साथ आली आणि माणसं दगावली.

माणूस आजारी पडतो तो जंतूच्या विषामुळे, हे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर दाखवलं, तेही जंतू गाळून काढलेला द्रव वापरून. पण खरी गंमत १९९६ ला कळली. वॉल्डर आणि मेकालानोस या संशोधकांनी दाखवलं की या विषाचे जीन मुळात सीटीएक्स नावाच्या फेजचे, म्हणजे जंतूला लागणाऱ्या विषाणूचे आहेत, आणि हा फेज आत शिरतो तो जंतूच्या अंगावरचे टीसीपी नावाचे बारीक धागे धरून, अन् आतड्यात बस्तान मांडायलाही जंतूला तेच धागे लागतात.

औषधाला न जुमानणं हेही बरंचसं असंच उसनं आहे. १९९२ ला मद्रासकडे जो ओ१३९ निघाला त्याच्यात पुढे एसएक्सटी नावाचा साधारण १०० किलोबेसचा (म्हणजे लाखभर अक्षरांचा) डीएनएचा तुकडा सापडला, तो एका जंतूतून दुसऱ्यात जातो आणि को-ट्रायमॉक्साझोल, क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन ही अँटिबायोटिकं एकदमच निकामी करतो. सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकचं वेगळं, तिथं मुख्यतः जंतूच्या स्वतःच्या जायर-ए आणि पार-सी या जीनमध्ये बदल होतो. पण २००४ मध्ये लॅबमध्ये असं दिसलं की सिप्रोनं जंतूच्या डीएनएला इजा झाली की जंतूची एसओएस ही डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा जागी होते अन् एसएक्सटीची देवाणघेवाण वाढते, आणि याच यंत्रणेनं सीटीएक्स फेजही चेतवला जातो. म्हणून संडास लागली की मेडिकलवरून कोणतीही अँटिबायोटिक घेऊन दोन दिवसांत सोडून देणं, जे आपल्या गावोगावी सर्रास चालतं, ते खरंच धोक्याचं आहे.

साथ नेमकी येते कुठून यावर मात्र मतभेद आहेत. शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांचं म्हणणं, जंतू पाण्यातच असतो, कोपेपॉड या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतो आणि हवामान जमलं की वर येतो. बांगलादेशात जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळल्यावर पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली हा २००३ चा अभ्यास त्यांच्याच गटाचा. जीनोमवाले, म्हणजे जंतूंचा अख्खा डीएनए वाचून तुलना करणारे, म्हणतात तसं नाही, १९६१ पासूनची सातवी महामारी एल टोर या ओ१ च्या उपप्रकारातल्या एकाच वंशाची, बंगालच्या उपसागराकडून साथीच्या लाटांनी पसरलेली आणि माणसांनीच नेलेली (२०११ चा मुट्रेजा व इतरांचा अभ्यास, शिवाय २०१० ला नेपाळहून हैतीला गेलेली साथ). साथीच्या बाबतीत दुसरं मत जास्त पटतं, तरी प्रतिरोधाचे जीन पाण्यातच मिळू शकतात, कारण कोपेपॉडसारख्या जीवांच्या कवचातल्या कायटिन या पदार्थावर बसलेला हा जंतू आजूबाजूचा डीएनए उचलतो, हे २००५ मध्ये सिद्ध झालंय.

उपचारात ओआरएस आणि सलाईन आधी, अँटिबायोटिक मुख्यतः अंगातलं फार पाणी गेलेल्या पेशंटला, मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन ३०० मिग्रॅ एकदाच आणि त्याला जंतू दाद देत नसेल तर अझिथ्रोमायसिन, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, मग ओटी टेस्टनं, म्हणजे पाण्याचा रंग बदलतो का ते पाहून, क्लोरीन बघतात. औषधाला न जुमानणारा जंतूही क्लोरीननं मरतो. एरोमोनास, व्हिब्रिओ मिमिकस, व्हिब्रिओ फ्लुव्हिअलिस हे नात्यातले किंवा सोबतचे जंतूही पाण्यातून हगवण लावतात.