आरसी क्रॉलरमधील स्टिअरिंग सर्व्होचे अतितापन

स्टिअरिंग सर्व्होचे अतितापन : रेडिओ-नियंत्रित (आरसी) क्रॉलर गाडीत पुढची चाके वळवणारा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी गिअर-मोटर) प्रमाणाबाहेर तापणे. या छंदात हा बिघाड नेहमी आढळतो. सर्व्हो तापला की तो खराब निघाला असे धरून जास्त ताकदीचा नवा बसवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा सर्व्होत काहीच दोष नसतो. तो कुठल्या तरी अडथळ्याशी सतत झगडत असतो आणि तो अडथळा सर्व्होच्या पेटीबाहेर असतो. म्हणून तपास बाहेरून आत करावा आणि सर्व्हो बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी.

क्रॉलर ही खडक, ओढ्यातले धोंडे आणि उभे चढ अगदी मंद गतीने पार करण्यासाठी बनवलेली गाडी असते. प्रचलित प्रमाण १/१०. ॲक्सियलची एससीएक्स१० मालिका आणि २०१७ मध्ये आलेली ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ ही तिची परिचित उदाहरणे. शर्यतीच्या आरसी गाडीतला सर्व्हो सहसा इतका तापत नाही, क्रॉलरचा तापतो, याला कारणे आहेत. शर्यतीची गाडी धावत असते, आणि फिरते चाक वळवायला जोर कमी लागतो. क्रॉलरमध्ये जवळजवळ थांबलेले, मऊ रबराचे रुंद टायर जमिनीवर घासत वळवावे लागतात. चढावर पकड मिळावी म्हणून गाडीचे वजन मुद्दाम पुढे आणलेले असते, त्यासाठी पितळी नकल (ॲक्सलच्या टोकाला चाक धरून वळणारा भाग) आणि चाकांतली वजने लावतात. ते सगळे ओझे शेवटी त्याच टायरांवर येते. बहुसंख्य क्रॉलरमध्ये पुढचे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना) कायमचे बंद, म्हणजे लॉक केलेले असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण बंद डिफरन्शियल दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवते, त्यामुळे गाडी सरळ जाऊ पाहते आणि सर्व्होला तिला ओढून वळवावे लागते. भरीला, हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवर बसणारा छोटा दांडा) अखंड धातूचा असतो. शर्यतीच्या गाड्यांत धक्का पचवणारा स्प्रिंगचा सर्व्हो-सेव्हर असतो, तो इथे काढलेला असतो, कारण खडकावर तो लवचीकपणा नको असतो.

उष्णता कुठून येते : सर्व्होत एक छोटी डीसी मोटर, गिअरची साखळी, शाफ्टची स्थिती सांगणारा पोटेन्शिओमीटर (महागड्या सर्व्होत चुंबकीय सेन्सर) आणि नियंत्रक परिपथ असतो. रिसीव्हरकडून साधारण १,००० ते २,००० मायक्रोसेकंद रुंदीचे स्पंद येतात, मध्य १,५०० ला धरतात. सांगितलेली आणि प्रत्यक्षातली स्थिती यांत फरक दिसला की परिपथ मोटर चालवतो आणि फरक मिटेपर्यंत थांबत नाही. अतितापनाचे मूळ या न थांबण्यात आहे. मोटर फिरत असते तेव्हा तिच्यात उलटा विद्युत्‌दाब निर्माण होऊन प्रवाहाला आवर बसतो. ती अडली की तो दाब शून्यावर येतो, प्रवाह कमाल होतो आणि घेतलेली सगळी वीज उष्णतेत जाते. भिंतीला खांदा लावून ढकलणारा माणूस जागचा हलत नाही, घाम मात्र फुटतो, तसाच हा प्रकार.

आकडे मांडले की प्रश्नाचा आवाका कळतो. ७.४ व्होल्टवर अडलेली मोटर ३ अँपिअर घेत असेल तर सुमारे २२ वॉट उष्णता तयार होते. नेहमीच्या मापाचा सर्व्हो साधारण ४० × २० × ४० मिमी., म्हणजे त्याचे पृष्ठफळ जेमतेम ६५ चौ. सेंमी. स्थिर हवेत एवढा पृष्ठभाग ढोबळमानाने ३ वॉट उष्णता बाहेर टाकू शकतो, आणि तेही पेटी हवेपेक्षा ४५° से.ने गरम झाल्यावर. २२ वॉट बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून मोटर काही मिनिटांतच करपते. जलरोधक सर्व्होत रबरी सील असल्याने आत हवा खेळत नाही. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५° से.च्या आसपास असते, तिथे तेवढ्याच भारावर पेटी ९०° से.पर्यंत जाऊ शकते. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८०° से.च्या आसपास असते. त्यापुढे चुंबक कायमचा क्षीण होऊ शकतो आणि पुढे त्याच कामासाठी मोटर जास्त प्रवाह मागते. तांब्याचा रोधही दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो.

बोट लावून काही सेकंदांत उचलावे लागले तर पेटी ५५–६०° से. झाली आहे असे समजावे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. पीएलए प्लॅस्टिकची थ्रीडी-प्रिंट केलेली सर्व्हो-बैठक याच तापमानाला मऊ पडू लागते. बैठक वाकली की लिंकचा (हॉर्नची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि मूळ तक्रारीत नवी भर पडते.

दोष वेगळा काढणे : पहिली चाचणी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे. हॉर्नपासून लिंक सोडवावी, गाडी चालू ठेवावी आणि रिमोटचे चाक मधूनमधून हलवत दहा मिनिटे थांबावे. सर्व्हो तरीही तापला तर दोष विद्युत्‌पुरवठ्यात किंवा सर्व्होच्या आत आहे. थंड राहिला तर तो सुटला, दोष बाहेर आहे. मग गाडी स्टँडवर ठेवून, चाके अधांतरी असताना लिंक जोडून तेच करावे. अशा स्थितीतही तापला तर जोडणीत कुठेतरी अडकण आहे. जमिनीवरच तापला तर भार जास्त आहे किंवा चालवण्याची पद्धत चुकते आहे. सर्व्होच्या लाल तारेत अँमीटर जोडला तर हाच तपास मिनिटभरात होतो.

अडकण हाताने समजते. लिंक सोडल्यावर पुढची दोन्ही चाके टाय-रॉडसह (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली पाहिजेत. कुठे जड लागले तर किंगपिनचे (नकल ज्यावर वळते त्या खिळीचे) स्क्रू जास्त आवळलेले असतील, नकलच्या बेअरिंगमध्ये चिखल किंवा गंज असेल, रॉड-एंडमधला (लिंकच्या टोकाच्या सांध्यातला) गोळा घट्ट असेल किंवा स्क्रूची टोपी ॲक्सलला घासत असेल. नव्या धातूच्या नकल आणि लिंक बसवल्यानंतर ही तक्रार हमखास येते, कारण मूळ प्लॅस्टिक चूक पोटात घालत असे, धातू घालत नाही.

पूर्ण वळवलेल्या चाकात युनिव्हर्सल जॉइंटची (वळलेल्या चाकापर्यंत फिरकी पोचवणाऱ्या सांध्याची) कोनमर्यादा ओलांडली गेली तर तुकडे एकमेकांवर आदळतात. ओळखायची खूण अशी की पूर्ण वळणावर हळू थ्रॉटल दिल्यास स्टिअरिंगला चाकाच्या प्रत्येक फेरीत ठेका धरल्यासारखे झटके बसतात. इथे सर्व्हो केवळ तापत नाही, त्याच्या गिअरचे दातही मोडतात.

सर्व्हो ॲक्सलवर नसून चासीवर बसवलेला असेल तर ड्रॅग लिंक (सर्व्होपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) समांतर व जवळजवळ सारख्या लांबीचे असावे लागतात. तसे नसल्यास सस्पेन्शन खालीवर होताना चाके आपोआप वळतात. स्टँडवर सगळे ठीक दिसते. खडकावर एक चाक वर गेले की लिंक चाकांना थेट थांब्यावर (वळण जिथे संपते त्या टेकूवर) दाबते आणि सर्व्होचा आवाज बदलतो.

एन्डपॉइंट : रिमोट सर्व्होला एका बाजूला किती वळवू शकतो ती सीमा म्हणजे एन्डपॉइंट. अतितापनाच्या सगळ्या कारणांत तो चुकीचा असणे हे सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारे आहे, आणि तरीही ते दुर्लक्षिले जाते. नकल ॲक्सलच्या थांब्यावर टेकल्यावरही रिमोट 'आणखी वळ' असे सांगत राहिला तर सर्व्हो पूर्ण ताकदीने धातूला धातू दाबत राहतो. एन्डपॉइंट (रिमोटवर ईपीए किंवा ट्रॅव्हल) बांधताना गाडी चालवणाऱ्या मोटरच्या तारा काढून ठेवाव्यात, दोन्ही बाजूंचे मूल्य कमी करून घ्यावे, रिमोटचे चाक एका बाजूला पूर्ण वळवून मूल्य हळूहळू वाढवावे. नकल टेकताच सर्व्हो गुणगुणू लागतो. तिथून दोन-तीन पायऱ्या मागे यावे. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्र बांधावी. चासीवरच्या सर्व्होत हेच काम ॲक्सल दोन्ही दिशांनी वाकडा करून पुन्हा तपासावे. फक्त ड्युअल-रेटची कळ असलेल्या साध्या रिमोटवर दोन्ही बाजू एकत्रच कमी होतात. तिथे मग हॉर्न बरोबर मध्यावर असणे अत्यावश्यक ठरते.

हॉर्न मध्यावर नसण्याचे कारण दातांच्या अंतरात असते. फुटाबा पद्धतीच्या शाफ्टला २५ दात असतात, हायटेकच्या जुन्या पद्धतीला २४, जेआर–सानवाला २३. २५ दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे १४.४ अंश. एका दाताने चुकलेला हॉर्न सब-ट्रिमने (रिमोटवरून मध्य सरकवण्याच्या सोयीने) मध्यावर आणता येतो, पण मग एका बाजूला हालचाल उरत नाही आणि दुसऱ्या बाजूला जादा राहते. आधी सब-ट्रिम शून्य करावे, हॉर्न जवळात जवळच्या दातावर बसवावा, उरलेला फरक लिंकची लांबी बदलून काढावा.

स्वस्त, २५ किग्रॅ. ताकदीच्या (म्हणजे शाफ्टपासून १ सेंमी.वर २५ किग्रॅ. जोर) सर्व्होंमध्ये एक वेगळाच सापळा आहे. त्यांपैकी काही १८० आणि काही २७० अंशांच्या आवृत्तीत विकले जातात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. ५०० ते २,५०० मायक्रोसेकंदांत २७० अंश फिरणारा सर्व्हो रिमोटच्या १,००० ते २,००० या टप्प्यात मध्यापासून दोन्हीकडे ६७.५ अंश फिरतो. क्रॉलरला त्याच्या बरेच कमी लागते. एन्डपॉइंट न बांधता असा सर्व्हो बसवला तर पहिल्याच वळणावर तो अडतो.

विद्युत्‌पुरवठा : सर्व्होला वीज ईएससीमधील (गाडीच्या मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या पेटीमधील) बीईसी या परिपथातून मिळते. कित्येक क्रॉलर-ईएससीमध्ये ६ आणि ७.४ व्होल्ट असा पर्याय असतो. तापणाऱ्या सर्व्होचा व्होल्टेज कमी करावा हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. अडलेल्या मोटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून थांब्यावर दाबला गेलेला सर्व्हो ६ व्होल्टपेक्षा ८.४ व्होल्टवर जवळजवळ दुप्पट तापतो. इथवर सल्ला बरोबर. पण सर्व्हो चाक वळवू शकत असेल तर तेवढा जोर धरून ठेवायला लागणारा प्रवाह भारावर ठरतो, व्होल्टेजवर नाही. व्होल्टेज कमी केल्याने ताकद घटून जो सर्व्हो आधी वळत होता तो आता अडू लागला, तर उपाय उलटा पडतो. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत राहावे आणि अडथळा काढावा.

बीईसीची प्रवाहमर्यादा कमी पडली तर लक्षण वेगळे दिसते. जोर लागताच व्होल्टेज कोसळतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो, गाडी आचके देते. मोठा सर्व्हो बसवल्यावर असे झाले तर स्वतंत्र बीईसी लावतात किंवा बॅटरीवर थेट चालणारा सर्व्हो घेतात. अशा सर्व्होबाबत छापील मर्यादा वाचूनच तारा जोडाव्यात. पूर्ण भरलेली २एस (दोन सेलची) लिथियम-पॉलिमर बॅटरी ८.४ व्होल्ट देते, ३एस (तीन सेलची) बॅटरी १२.६. ८.४ व्होल्टचा सर्व्हो चुकून ३एसला थेट जोडला की तपास करायला काही उरत नाही.

सर्व्होच्या आत : लिंक सोडूनही सर्व्हो गुरगुरत असेल, मध्यावर स्थिर न राहता किंचित इकडेतिकडे हलत असेल, तर पोटेन्शिओमीटर झिजला आहे किंवा त्यात पाणी गेले आहे. डिजिटल सर्व्हो अतिशय लहान चुकीलाही प्रतिसाद देतात. भाराखाली त्यांची मंद गुणगुण हा दोष नव्हे. प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्व्होत डेडबँड (सर्व्हो ज्या लहान फरकाकडे दुर्लक्ष करतो तो टप्पा) थोडा वाढवता येतो. काहींत, उदा., हायटेकच्या अशा सर्व्होंत, अडल्यावर ताकद आपोआप कमी करण्याची सोय असते. क्रॉलरसाठी ती चालू ठेवलेली बरी.

सर्व्होची निवड : टॉवरप्रोचा एमजी९९६आर भारतात रोबोटिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळतो, म्हणून तो हौशी क्रॉलरमध्येही जातो. त्याची ताकद ६ व्होल्टवर ११ किग्रॅ.-सेंमी. आणि अडलेला प्रवाह सुमारे २.५ अँपिअर सांगितला जातो. हलक्या गाडीला तो पुरतो. पितळी वजने लावलेल्या, बंद डिफरन्शियलच्या गाडीत तो पूर्ण वेळ मर्यादेवर राहतो, आणि अशा वेळी मात्र मोठा सर्व्हो हाच खरा उपाय आहे. कारण जादा ताकदीचा सर्व्हो तोच भार आपल्या क्षमतेच्या लहान हिश्श्यात पेलतो. हॉर्नची लांबीही मोजावी. २५ किग्रॅ.-सेंमी.चा सर्व्हो २.५ सेंमी. हॉर्नवर लिंकला १० किग्रॅ. जोर देतो, २ सेंमी.वर १२.५, वळणाचा कोन मात्र तेवढा घटतो. छापील किग्रॅ. हा अडलेल्या स्थितीतला आकडा असतो. तेवढ्यावर कोणताही सर्व्हो सतत चालत नाही, आणि फार स्वस्त सर्व्होंवर छापलेला आकडा तर बराच उदार असतो.

चालवण्याची पद्धत : दोन धोंड्यांत चाक रुतले असताना रिमोटचे चाक पूर्ण वळवून धरून ठेवणे ही तापण्याची हमखास रीत. त्यावर एन्डपॉइंटचा उपयोग नाही, कारण चाक थांब्यापर्यंत पोचतच नाही. स्टिअरिंग सोडून गाडी वीतभर मागे घ्यावी, किंचित थ्रॉटल देत वळवावे. टीआरएक्स-४ सारख्या गाडीत डिफरन्शियलचे लॉक रिमोटवरून उघडता येतात. सपाटीवर पुढचे लॉक उघडे ठेवले तर सर्व्होचा भार स्पष्टपणे हलका होतो, आणि लॉक लावल्यावरच सर्व्हो तापत असेल तर तो बिघाड मानू नये.

तापलेला सर्व्हो ओढ्याच्या पाण्यात बुडवून गार करू नये. आतली हवा एकदम आकसून सीलमधून पाणी ओढले जाते. पुरवठा तोडून तो आपोआप निवू द्यावा. नंतर लिंक सोडून त्याचा निष्क्रिय प्रवाह त्याच मॉडेलच्या चांगल्या सर्व्होशी ताडून पाहावा. जळका वास, पेटीच्या फटीतून पाझरलेले ग्रीस आणि वाढलेला निष्क्रिय प्रवाह ही तिन्ही एकत्र दिसली तर वेटोळ्याचे एनॅमल जळून काही फेरे एकमेकांना चिकटले आहेत असे समजावे. अनेक सर्व्होंचे गिअर सुटे मिळतात. मोटर जळाली असेल तर मात्र पूर्ण सर्व्हो बदलणेच परवडते, आणि नवा बसवण्याआधी टाय-रॉड एका बोटाने फिरतो की नाही हे पुन्हा पाहावे लागते.