बाह्य सेन्सरची जोडणी (जलाशय सर्वेक्षण)

जलसर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरच्या तयार यादीत नसलेल्या, दुसऱ्याच कोणी बनवलेल्या उपकरणाचे आकडे त्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याची व्यवस्था. हायपॅक, क्विन्सी, नॅव्हीपॅक ही या कामातली परिचित सॉफ्टवेअरे मुळात बंदरे, जहाजे आणि समुद्रतळ डोळ्यांपुढे ठेवून घडली. मराठवाड्याला समुद्र नाही. इथे अशी सॉफ्टवेअरे उपयोगी पडतात ती धरणातला गाळ मोजायला, आणि मग त्यांचे काही रकाने भलत्याच कामाला लागतात.

त्यातला सर्वांत गमतीचा रकाना भरती-ओहोटीचा. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, भरती कसली? तरी तो रकाना लागतोच. गाळाच्या हिशेबाला नुसती खोली पुरत नाही, तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची हवी असते. धरणाच्या पाणीपातळीतून खोली वजा केली की ती मिळते. म्हणून ‘भरती’च्या जागी पाणीपातळी भरतात. कधी भिंतीजवळची मोजपट्टी वाचून हाताने, तर कधी पातळी मोजणारा सेन्सर जोडून. हा सेन्सर पुष्कळदा स्थानिक जुळणीचा असतो आणि सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. पाण्याचे तापमान किंवा गढूळपणा मोजणाऱ्या उपकरणांचीही हीच गत.

तारांची बाजू फार नाही, पण फसवी आहे. छोट्या सर्किट बोर्डाचा सिग्नल शून्य ते पाच व्होल्टचा असतो. लॅपटॉपच्या बाजूला आरएस-२३२ हे जुन्या पद्धतीचे सीरियल पोर्ट असेल तर त्याला उणे-अधिक व्होल्टेज लागते, म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवा. दोन्ही टोकांचा बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवण्याचा वेग, एक हवा. एनएमइए ०१८३ या, उपकरणांनी एकमेकांना आकडे पाठवण्याच्या सागरी पद्धतीत तो मुळात ४८०० आहे. यूएसबीची पिन दुसऱ्या खाचेत घातली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, आणि काल चालणारी जोडणी आज मुकी होते.

खरे काम ओळ उलगडण्याचे. एनएमइए ०१८३ मध्ये नेहमीची ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. मग पाच अक्षरी नाव, स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे, आणि शेवटी ताऱ्याच्या चिन्हापुढे दोन अंकी चेकसम, म्हणजे ओळ वाटेत बिघडली नाही ना हे तपासायची खूण. ओळीची लांबी ८२ अक्षरांपलीकडे जात नाही. घरगुती सेन्सर यातले काही पाळेलच असे नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरला सांगावे लागते की ओळ कशाने सुरू होते, आकडे कशाने तोडलेत, आपला आकडा कितवा, त्याला कितीने गुणायचे. ओळ संपल्याची खूणही जुळायला हवी; ती नसेल तर सॉफ्टवेअर पुढच्या अक्षराची वाट पाहत बसते आणि पडदा कोराच राहतो. कोरा पडदा बरा, निदान चूक दिसते.

न दिसणारी चूक अशी. होडी पैठणच्या बाजूला काठाजवळ आहे. पडदा खोली ८.७ दाखवतो. नावाडी बांबू पाण्यात सोडतो आणि म्हणतो, “साहेब, हितं तर दहा फुटावरच तळ लागतोय.” दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ध्वनी तळावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून खोली काढणाऱ्या इको साउंडरच्या डीबीटी नावाच्या ओळीत एकच खोली तीनदा येते: आधी फुटांत, मग मीटरमध्ये, मग फॅदममध्ये. जोडताना पहिला आकडा, म्हणजे ८.७ फूट, निवडला गेला आणि त्याला मीटर समजले गेले. उरलेला सव्वा फूट ट्रान्सड्युसर (ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) पाण्याखाली जेवढा बुडालेला आहे तेवढा, कारण डीबीटी ओळ खोली ट्रान्सड्युसरपासून मोजते, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. या कामात बांबूला कमी लेखू नये. त्याचीच शिस्तशीर आवृत्ती म्हणजे बार चेक: खुणा केलेल्या साखळीने धातूची पट्टी ट्रान्सड्युसरखाली ठरलेल्या खोलीवर सोडायची आणि पडद्यावर तोच आकडा येतो का ते पाहायचे.

फूट-मीटरचा घोळ पातळीतही आहे. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी ४६३.९०६ मीटर, पण पैठणला बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत ती १५२२ फूट असते. त्यात जीपीएसची भर. जीपीएस उंची लंबगोलाकार गणिती पृष्ठापासून देतो, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि या भागात ती साठ-सत्तर मीटरने कमी भरते. दुरुस्ती न लावता तो आकडा आत घेतला तर धरण कागदोपत्री जमिनीत खचते. आणखी एक पेच वाऱ्याचा. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे. जोराचा वारा पाणी एका टोकाला रेटतो, तेव्हा भिंतीजवळच्या सेन्सरची पातळी दुसऱ्या टोकाला तंतोतंत लागू होत नाही.

वेळेचा हिशेब वेगळा. आकडा लॅपटॉपवर पोहोचला ती वेळ धरायची की सेन्सरने मोजले ती? होडी सेकंदाला दोन मीटर जात असेल आणि खोलीचा आकडा एक सेकंद उशिरा येत असेल, तर प्रत्येक खोली दोन मीटर पुढे नोंदली जाते. सपाट तळावर हे कळतही नाही. बुडालेल्या जुन्या गोदापात्राच्या दरडीवर कळते: त्याच रेषेवर जाऊन-येऊन मोजले की एकच दरड दोन जागी दिसते. त्या दोन जागांमधले अंतर होडीच्या वेगाच्या दुपटीने भागले की उशीर मिळतो, आणि तेवढी सेकंदे सॉफ्टवेअरमध्ये टाकतात.

तापमानाचा सेन्सर जोडतात तो ध्वनीच्या वेगासाठी. गोड्या पाण्यात २० अंशांना हा वेग सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, २५ अंशांना १४९७. समुद्राच्या सवयीचा १५०० तसाच ठेवला तर हिवाळ्यात वीस मीटर खोलीला सुमारे २४ सेंटिमीटर जास्त लागतात, म्हणजे तेवढा गाळ दिसेनासा होतो.

नाथसागरात हे सेंटिमीटर महाग पडतात. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केलेल्या आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झालेल्या या धरणाचा मूळ साठा २९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी), त्यातला उपयुक्त २१७१. पसरट जलाशय, पाण्याखाली सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे भरल्यावरही सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर. इतक्या पसाऱ्यावर दहा सेंटिमीटरची चूक सगळीकडे झाली तर ३५ दलघमी, सव्वा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी इकडचे तिकडे होते. नाशिक-नगरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचे, हा वाद ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी ६५ टक्के भरले की नाही यावर फिरत आला आहे, आणि टक्केवारी निघते ती पातळीनुसार साठा सांगणाऱ्या तक्त्यावरून.

काठाची गाळपेर जमीन, बाभळीचे बुडके आणि भोयांची जाळी असलेल्या उथळ भागात होडी जातच नाही; तिथले मोजमाप पाणी उतरल्यावर जमिनीवरून किंवा उपग्रहचित्रांवरून करतात. होडीवरच्या कामात मात्र सेन्सरकडून आलेली मूळ ओळ, न उलगडता, वेगळ्या फाइलमध्ये साठवून ठेवण्याची पद्धत आहे. रकाना चुकल्याचे महिन्याने लक्षात आले तरी ती फाइल नव्या मांडणीने पुन्हा वाचता येते, होडी पुन्हा पाण्यात घालावी लागत नाही.